औषधाला दाद न देणाऱ्या पेशी आणि एका संस्थेची वाटचाल

एप्रिल २०१२ मध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोथेनबर्ग शहरात एक अधिवेशन भरले. जगभरातून आलेल्या शेकडो संशोधकांत दम्याचे अभ्यासक होते, रक्तपेशींवर काम करणारे होते, मेंदूतल्या गाठींचे जाणकार होते, कॅन्सरवरच्या लशी बनवू पाहणारे होते. एरवी या सगळ्यांनी एका सभागृहात भेटावे असे काही कारण नव्हते. त्यांना एकत्र आणले होते ते पेशींनी आपल्या अंगाबाहेर सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांनी. 'इंटरनॅशनल सोसायटी फॉर एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स', संक्षेपाने आयसेव्ह, या संस्थेचे ते पहिले वार्षिक अधिवेशन. गोथेनबर्गचेच यान लोटवाल हे तिचे संस्थापक अध्यक्ष.

या संस्थेचे रुग्णालय नाही आणि तिने कोणतेही औषध शोधलेले नाही. तरीही स्तनाच्या कॅन्सरवरची औषधे काही रुग्णांत चालेनाशी का होतात, या प्रश्नाच्या एका महत्त्वाच्या उत्तराचे भवितव्य तिच्या कामावर अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे. ते उत्तर असे: औषधाला दाद न देणारी पेशी आपला हा गुण पुटिकांत भरून शेजारच्या पेशींना देते आणि मग त्याही औषधाला जुमानत नाहीत. कल्पना विलक्षण आहे आणि तिच्यामागे पुरावेही उभे आहेत. पण पुटिका वेगळ्या कशा करायच्या, मोजायच्या कशा, त्यांच्याबरोबर आणखी काय काय आले आहे हे ओळखायचे कसे, यावर एकमत नसेल तर त्या पुराव्याचे वजन ठरणार कसे? आयसेव्हची गेल्या दशकभरातली धडपड मुख्यतः यासाठी आहे.

पुटिकांची ओळख काही कॅन्सरमुळे झाली नाही. १९४६ साली एर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट रक्त गोठण्याची क्रिया तपासत होते. प्लाझ्मा फार वेगाने फिरवला की तळाशी साका बसतो आणि हा साका रक्त गोठायला मदत करतो, हे त्यांना दिसले. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी अशाच कणांना प्लेटलेट्सची धूळ म्हटले. धूळ म्हटल्यावर तिच्याकडे कोण लक्ष देणार? १९८३ मध्ये मात्र सेंट लुईस आणि माँट्रियल इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट पाहिली. लाल रक्तपेशी पक्व होत असताना लोह आत घेणाऱ्या ग्राहक प्रथिनाची तिला गरज उरत नाही. पेशी ही प्रथिने आतल्या एका पिशवीत बारीक पुटिकांवर गोळा करते, ती पिशवी पेशीच्या कडेला येऊन उघडते आणि पुटिका बाहेर पडतात. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोझ जॉनस्टोन यांनी मेंढीच्या रक्तपेशींत हे दाखवले. पुढे १९८७ मध्ये त्यांनी अशा पुटिकांना एक्सोसोम हे नाव दिले.

त्यानंतरही बरीच वर्षे बहुतेकांना वाटत होते की हा पेशीचा केर काढण्याचा मार्ग आहे. १९९६ मध्ये ग्रासा रापोझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की प्रतिकारशक्तीच्या बी पेशी सोडत असलेल्या पुटिका टी पेशींना सक्रिय करू शकतात. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये लॉरॉन्स झिटव्होगेल यांच्या गटाने प्रतिकारपेशींच्या पुटिका देऊन उंदरांमधल्या गाठी आटोक्यात आणल्या. केर म्हणून पाहिलेली वस्तू निरोप नेते आहे, हे स्पष्ट होऊ लागले. २००५ मध्ये माँट्रियलला या विषयावर छोटेखानी आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. पुढची कलाटणी २००७ ची. लोटवाल मूळचे दम्याचे संशोधक. त्यांच्या गटात हादी वालादी यांनी उंदराच्या मास्ट पेशींच्या पुटिकांमध्ये आरएनए शोधला. या पुटिका माणसाच्या मास्ट पेशींना दिल्यावर त्या मानवी पेशींत उंदराची प्रथिने तयार झाली. एका पेशीची लेखी सूचना दुसरीने वाचून अमलात आणल्यासारखेच हे होते. या एका शोधनिबंधानंतर जगभरच्या प्रयोगशाळा या विषयाकडे वळल्या. जानेवारी २०११ मध्ये पॅरिसला पुन्हा कार्यशाळा भरली. या विषयाला आता स्वतःची संस्था हवी, ही जाणीव त्या काळात पक्की झाली आणि वर्षभरातच गोथेनबर्गचे अधिवेशन ठरले. अधिवेशन झाले त्याच वर्षी संस्थेने 'जर्नल ऑफ एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स' हे नियतकालिक सुरू केले. ते पहिल्यापासून सर्वांना विनामूल्य वाचता येते.

संस्था जन्मली तेव्हा स्तनाच्या कॅन्सरमधले पुटिकांचे काम कुठवर आले होते, हे पाहायला थोडे मागे जावे लागेल.

डॉक्सोरुबिसिन हे स्तनाच्या कॅन्सरवरचे जुने आणि भरवशाचे औषध. त्याचा रंग लालभडक. सलाईनमधून चढताना तो दिसतो, म्हणून केमोच्या खोलीत कितीतरी बायका त्याला 'लाल औषध' एवढेच म्हणतात. याच औषधाला आणखी एक गुण आहे: विशिष्ट प्रकाश टाकला की ते चमकते. त्यामुळे पेशीत शिरलेले औषध कुठे जाते याचा माग सूक्ष्मदर्शकातून काढता येतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या गटाने असा माग काढला. कॅन्सरपेशी डॉक्सोरुबिसिन पुटिकांत कोंडून बाहेर टाकत असल्याचे त्यांना आढळले. ज्या पेशींत पुटिका सोडण्याशी संबंधित जनुके अधिक कार्यरत, त्या औषधाला कमी दाद देतात, असाही संबंध त्यांनी मांडला. पुटिकांचे नाव औषधरोधाशी जोडणारे हे सुरुवातीचे काम.

पण पेशीने औषध बाहेर टाकणे वेगळे आणि टाकण्याची शक्ती दुसरीला देणे वेगळे. पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन १९७६ मध्ये टोरोंटोत रुडॉल्फ जुलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी ओळखले होते. हे प्रथिन पेशीच्या आवरणात बसते आणि आत आलेले औषध, फुटक्या नावेतले पाणी बादलीने उपसावे तसे, सतत बाहेर काढत राहते. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन अशा निरनिराळ्या घराण्यांतल्या औषधांना ते बाहेरची वाट दाखवते. म्हणूनच एका औषधाला रोध आला की दुसरेही चालत नाही असा कटू अनुभव डॉक्टरांना येई. या प्रथिनाचे जनुक प्रत्येक पेशीने स्वतः चालू करावे लागते, असाच समज होता. २००९ मध्ये सिडनीच्या मेरी बेबावी आणि सहकाऱ्यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींत वेगळे पाहिले. औषधरोधी पेशींनी सोडलेल्या पुटिका औषधाला दाद देणाऱ्या पेशींबरोबर ठेवल्या, तर तयार पी-ग्लायकोप्रोटीनच त्यांच्या आवरणात जाऊन बसले आणि कामही करू लागले. जनुकात काही बदल न होता, पेशी विभागण्याची वाट न पाहता हे घडले.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हेच होते का, हे तपासण्यासाठी सगळ्यांच्या हाताशी असलेल्या पेशी म्हणजे एमसीएफ-७. या नावामागे मिशिगन कॅन्सर फाउंडेशन ही डेट्रॉइटची संस्था आहे. १९७० मध्ये कॅन्सर पसरलेल्या एका कॅथलिक ननच्या छातीत साठलेल्या द्रवातून या पेशी घेतल्या गेल्या. ती बाई त्याच वर्षी गेली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पेशी आजही जगातल्या हजारो प्रयोगशाळांत वाढतात. टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनविरोधी औषधे कशी चालतात, हे समजण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या इतिहासात या रुग्णाचे ऋण फार कमी वेळा बोलून दाखवले जाते, म्हणून इथे मुद्दाम थांबलो. २०१४ मध्ये चीनमधल्या नानजिंग इथल्या गटाने एमसीएफ-७ च्या औषधरोधी पेशींमधल्या पुटिका साध्या एमसीएफ-७ पेशींना दिल्या. रोध त्यांच्यात उतरला आणि पी-ग्लायकोप्रोटीनही सापडले. त्याच सुमारास चीनमधूनच आलेल्या दुसऱ्या निबंधात मायक्रोआरएनए या अगदी आखूड आरएनएंची ने-आण दाखवली गेली. मायक्रोआरएनए प्रथिने बनवत नाहीत, दुसरी प्रथिने बनू न देण्याचे काम करतात. पेशीला मरण्याचा आदेश देणारे प्रथिनच बनले नाही, तर औषध आत पोहोचूनही पेशी जगते.

याहून वेगळी गोष्ट मिलानच्या गटाने २०१२ मध्ये, म्हणजे आयसेव्हच्या पहिल्याच वर्षी मांडली. हर्टू नावाचे प्रथिन ज्या गाठींच्या पेशींवर खच्चून भरलेले असते, त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे औषध आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि या प्रकारच्या कॅन्सरचे चित्र पालटले. ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड आहे. ते हर्टू शोधते आणि त्याला चिकटते. मिलानच्या संशोधकांनी पाहिले की या पेशी सोडत असलेल्या पुटिकांच्या पृष्ठभागावरही हर्टू असते. रक्तात फिरणारे औषध गाठीपर्यंत पोहोचण्याआधी या पुटिकांनाच चिकटून बसते आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा त्याचा परिणाम घटतो. अशा पुटिका हर्टू प्रकारच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तातही मिळाल्या. लॅपाटिनिब या लहान रेणूच्या गोळीवर मात्र पुटिकांचा असा परिणाम दिसला नाही, कारण ती पृष्ठभागावरच्या हर्टूला धरत नाही, पेशीच्या आत शिरून काम करते. या तपशिलात मला सर्वांत जास्त आशा वाटते. पुटिका नेमके काय करतात हे कळले, तर कोणते औषध त्यांच्या तावडीतून सुटेल हेही सांगता येईल.

गाठीत कॅन्सरपेशी एकट्या नसतात. त्यांच्याभोवती फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्यांच्या पेशी, प्रतिकारपेशी असा मोठा गोतावळा असतो. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या अँडी मिन यांच्या गटाने या गोतावळ्याकडे लक्ष वळवले. फायब्रोब्लास्टच्या पुटिकांमधला आरएनए काही विशिष्ट प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरपेशींत शिरतो तेव्हा त्या पेशींना आपल्यात विषाणू घुसला आहे असे वाटते. विषाणू ओळखणारी रिग-आय ही यंत्रणा जागी होते, तिच्यातून स्टॅट-१ आणि नॉच-३ हे संकेत चालू होतात आणि पेशी केमो व रेडिएशन सहन करण्याइतकी चिवट होते. २०१७ मध्ये त्याच गटाने हा आरएनए कोणता हेही शोधून काढले. एरवी तो प्रथिनांनी झाकलेला असतो; पुटिकांत तो उघडा जातो, म्हणून विषाणूचा वाटतो. नॉचचा संकेत अडवणारे औषध रेडिएशनच्या जोडीने दिल्यावर उंदरांमधल्या गाठी पुन्हा डोके वर काढताना थांबल्या. उंदरांतले यश माणसांत उतरतेच असे नाही, पण रोधाची अख्खी साखळी कडी-कडीने जोडून दाखवणारे काम फार थोडे असते आणि हे त्यातले आहे.

आता या सगळ्या कामाकडे आयसेव्हच्या नजरेने पाहू. कारण निकाल येत होते तसतशा शंकाही वाढत होत्या आणि संस्थेने त्या दडपल्या नाहीत.

पहिली शंका अगदी साधी. प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर त्यांना वासराच्या भ्रूणाचे सीरम द्यावे लागते. त्या सीरममध्ये वासराच्या पुटिका लाखोंनी असतात. तेव्हा पेशीने सोडलेल्या म्हणून गोळा केलेल्या पुटिकांत वासराच्या किती? दुसरी शंका औषधरोधाच्या प्रयोगांना थेट भिडणारी. रोधी पेशी टिकवण्यासाठी त्यांना सतत औषधात वाढवतात. पुटिका गोळा करताना थोडे औषध त्यांच्याबरोबर आले, तर समोरच्या पेशीत दिसलेला बदल पुटिकांचा की औषधाच्या त्या अंशाचा? तिसरी शंका मात्रेची. एका पेशीवर हजारो पेशींच्या पुटिका एकदम ओतल्या तर काहीतरी परिणाम दिसणारच. शरीरात कोणत्याही पेशीवर तेवढा मारा होतो का? शिवाय वेगाने फिरवून तळाला बसवलेल्या साक्यात पुटिकांसोबत प्रथिनांचे गोळे आणि चरबीचे कण येतात. रक्तात तर चरबीचे कण पुटिकांच्या कितीतरी पट असतात आणि आकाराने त्यांच्या जवळपास.

संस्थेने २०१३ पासून नमुने कसे घ्यावेत, आरएनए कसा तपासावा, यांवर मार्गदर्शक लेख काढायला सुरुवात केली. २०१४ मध्ये पुटिकांचा दावा करणाऱ्या कोणत्याही प्रयोगात किमान काय दाखवले पाहिजे, याची यादी आली. तिचे नाव माइसेव्ह. पुटिकांच्या आवरणात बसणारी प्रथिने दाखवा, पुटिकांच्या आत असणारी दाखवा, आणि जी तिथे असायला नकोत तीही तपासून ती नाहीत असे दाखवा. केवळ एक छायाचित्र आणि एक प्रथिन दाखवून भागणार नाही. २०१८ मध्ये याच यादीची मोठी आवृत्ती आली. क्लोटिल्ड थेरी आणि केनेथ विटवर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या त्या निबंधाचे लेखक ३८० हून अधिक होते. एवढ्या लोकांचे एकमत घडवण्यासाठी मसुदे फिरवले गेले, प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या, मतभेद कुठे राहिले तेही छापले गेले. एक मोठा वाद मिटवला तो नावाचा. पुटिका पेशीच्या आतल्या पिशवीतून बाहेर आली की आवरणाचाच फुगा होऊन सुटली, हे बाहेर गोळा केलेल्या पुटिकेकडे पाहून सहसा सांगता येत नाही. म्हणून उगम सिद्ध केल्याशिवाय 'एक्सोसोम' म्हणू नका, सरळ आकार सांगा: २०० नॅनोमीटरहून लहान की मोठ्या. जॉनस्टोन यांनी दिलेले नाव टाकून देणे अनेकांना जड गेले असणार, पण प्रामाणिकपणा त्यातच होता.

या नियमांतून औषधरोधाच्या संशोधनाला काय मिळाले? नेमकेपणा. आज चांगल्या निबंधात पुटिका काढलेले सीरम वापरल्याचा उल्लेख असतो, पुटिका वगळून उरलेला द्रव पेशींना देऊन तोच परिणाम येतो का ते तपासलेले असते, वेगवेगळ्या मात्रा दिलेल्या असतात. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या आन हेंड्रिक्स यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये ईव्ही-ट्रॅक हा उपक्रम उभा राहिला. संशोधक आपल्या प्रयोगाची पद्धत तिथे नोंदवतात आणि ती किती पारदर्शकपणे सांगितली आहे यावर गुण मिळतात. भारतातून गेलेल्या सुरेश मथिवनन यांनी ऑस्ट्रेलियात आधी एक्सोकार्टा आणि मग व्हेसिक्लपीडिया या माहितीसाठ्यांची उभारणी केली. कोणत्या पुटिकेत कोणते प्रथिन, कोणता आरएनए सापडला हे तिथे कुणालाही शोधता येते. आयसेव्हने पुटिकांच्या प्राथमिक अभ्यासाचा ऑनलाइन अभ्यासक्रमही काढला. अतिवेगवान अपकेंद्रण यंत्र आणि कण मोजणारी यंत्रे आपल्याकडच्या सर्व विद्यापीठांना परवडत नाहीत. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांसाठी उघडे नियतकालिक, उघडे माहितीसाठे आणि उघडा अभ्यासक्रम यांचे मोल फार आहे.

अधिवेशने वेगवेगळ्या शहरांत भरत गेली: बोस्टन, रॉटरडॅम, वॉशिंग्टन, टोरोंटो, बार्सिलोना, क्योटो. २०२० आणि २०२१ ची कोव्हिडमुळे ऑनलाइन झाली. नंतर ल्यों, सिॲटल, मेलबर्न, आणि २०२५ मध्ये व्हिएन्ना.

या काळात स्तनाच्या कॅन्सरमधले दोन प्रयोग मला विशेष वाटतात. पुटिका खरोखर जिवंत शरीरात एका पेशीतून दुसरीत जातात का, की हे सगळे काचेच्या बशीतलेच आहे, ही टीका फार दिवस होत होती. २०१५ मध्ये उट्रेख्टच्या याको व्हॅन रीनेन यांच्या गटाने तिला उत्तर दिले. त्यांनी पेशींत अशी योजना केली की दुसऱ्या पेशीची पुटिका आत शिरून तिच्यातला माल वापरला गेला तरच पेशीचा रंग बदलेल. मग उंदराच्या जिवंत गाठीत सूक्ष्मदर्शकाने पाहिले. आक्रमक कॅन्सरपेशींच्या पुटिका घेतलेल्या कमी आक्रमक पेशींचा रंग बदलला, आणि त्याच पेशी जास्त फिरू लागल्या, जास्त पसरू लागल्या.

दुसरा प्रयोग लोझानमधल्या मिकेले दे पाल्मा यांच्या गटाचा, २०१९ मध्ये छापलेला. उंदरांना टॅक्सेन आणि अँथ्रासायक्लिन ही केमोची नेहमीची औषधे दिल्यावर त्यांच्या गाठींतून सुटणाऱ्या पुटिकांत ॲनेक्सिन-ए६ हे प्रथिन वाढलेले दिसले. या पुटिका फुप्फुसात जाऊन तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींना चेतवतात, प्रतिकारपेशींचा एक गट तिथे जमतो आणि पसरू पाहणाऱ्या कॅन्सरपेशींना जागा मिळते. असे निष्कर्ष वाचताना काळजी घ्यायला हवी. केमोने स्तनाच्या कॅन्सरच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचले आहेत आणि वाचत आहेत. उंदरांमधल्या या कामावरून कुणी उपचार अर्धवट सोडले तर तो जिवाशी खेळ ठरेल. या प्रयोगाचा अर्थ इतकाच की काही गाठी औषधाच्या माराला पुटिका सोडून उत्तर देतात, आणि ते उत्तर अडवता आले तर त्याच केमोचा फायदा आणखी वाढेल.

अडवणे मात्र सोपे नाही. पुटिकांची निर्मिती थांबवणारी रसायने प्रयोगशाळेत वापरली जातात. जीडब्ल्यू-४८६९ हे त्यांतले सर्वांत परिचित. पण पुटिका निरोगी पेशीही सोडतात. रक्त गोठणे, प्रतिकारशक्ती, चेतापेशींचा परस्परसंपर्क यांत त्यांचा हात आहे. सगळ्याच पुटिका बंद केल्या तर शरीराची किती कामे बिघडतील? म्हणून मला पुटिका थांबवण्यापेक्षा त्या वाचण्याच्या मार्गात अधिक अर्थ दिसतो. रक्ताच्या थेंबातून गाठ औषधाला दाद देणे सोडू लागली आहे हे आधी कळले, तर औषध वेळेवर बदलता येईल.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या लॉरेन ओड्रिस्कॉल याच प्रश्नावर अनेक वर्षे काम करत आहेत. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या आणि हर्टूच्या औषधांना ज्यात लक्ष्यच सापडत नाही अशा कॅन्सरच्या पेशींच्या पुटिकांचे परिणाम तपासले होते. पुढे हर्टूविरोधी औषधांचा रोध आणि पुटिका यांवर त्यांचे काम झाले. माइसेव्हच्या नव्या आवृत्तीच्या प्रमुख लेखकांत त्या आहेत. माइसेव्ह २०२३ या नावाने फेब्रुवारी २०२४ मध्ये छापल्या गेलेल्या या आवृत्तीत जगभरातल्या हजाराहून अधिक संशोधकांचा सहभाग आहे. जी व्यक्ती रोज औषधरोधी पेशींच्या पुटिका हाताळते, तिने नियम लिहिण्यात पुढाकार घ्यावा, हे या संस्थेच्या स्वभावाला धरूनच झाले. त्याआधी २०२२ मध्ये संस्थेने 'जर्नल ऑफ एक्स्ट्रासेल्युलर बायॉलॉजी' हे दुसरे नियतकालिक काढले.

आपल्याकडे या सगळ्याचा संबंध कुठे लागतो, हेही सांगायला हवे. भारतात स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने बळी घेतला. आपल्या बायका उशिरा येतात. गाठ हाताला लागूनही घरचे काम, लाज, पैसे आणि भीती यांत महिने निघून जातात. म्हणून परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात, जे १९४१ पासून या आजाराशी लढते आहे, कितीतरी रुग्णांना शस्त्रक्रियेआधीच केमो द्यावी लागते. गाठ अंगात असताना औषध चालू, आणि तीन-तीन आठवड्यांनी रुग्ण परत येते, तेव्हा रक्त तपासले जातेच. पुटिकांच्या अभ्यासाला यापेक्षा योग्य प्रसंग मिळणे कठीण. गाठ आटते आहे की औषधाला जुमानत नाही, हे सोनोग्राफीत किंवा हाताला कळतेच. त्याच तारखेच्या रक्तातल्या पुटिका काय सांगतात ते शेजारी ठेवून पाहता येते.

त्यासाठी रक्त कसे घ्यावे यालाही आता उत्तर आहे. २०२३ मध्ये आयसेव्हच्या रक्तविषयक गटाने एमआय-ब्लड-ईव्ही नावाची नोंदपद्धत प्रसिद्ध केली. रक्त कोणत्या नळीत घेतले, गोठू न देण्यासाठी कोणते द्रव्य घातले, काढल्यापासून फिरवेपर्यंत किती वेळ गेला, किती वेळा आणि किती वेगाने फिरवले, किती तापमानाला ठेवले, लाल पेशी फुटल्या का, प्लेटलेट्स किती उरल्या, अशा गोष्टी तिच्यात लिहायच्या असतात. यातली प्रत्येक बाब पुटिकांची संख्या आणि जात बदलू शकते. प्लेटलेट्स नीट काढल्या नाहीत तर नळीतच त्यांच्या नव्या पुटिका तयार होतात आणि गाठीच्या पुटिका त्यांच्यात हरवतात. हा तक्ता भरायला महागडे यंत्र लागत नाही. केमोच्या फेऱ्यांदरम्यान रक्ताचे नमुने जपून ठेवणारे कोणतेही रुग्णालय, मग ते मुंबईचे असो की नागपूरचे, आजपासून तो भरू शकते, आणि तसे भरलेले नमुने पाच वर्षांनी डब्लिन किंवा फिलाडेल्फियाच्या नमुन्यांशेजारी ठेवून तपासता येतील.